एचडी १८९७३३ बी : आकडे खरे, सहल काल्पनिक (चुका काढा!)

चांदणवेडा | शनिवार, रात्री १०:१५

मंडळी, भाचीला शाळेत 'परग्रहावरचा एक दिवस' असा निबंध आलाय. तिने विचारलं, "मामा, एका ग्रहावर काचेचा पाऊस पडतो ते खरंय का?" मी छातीठोकपणे हो म्हणालो. रात्री अंथरुणावर पडल्यावर वाटलं, आपण तरी कुठे नीट वाचलंय? मग तीन रात्री बसून वाचलं. हा ग्रह म्हणजे एचडी १८९७३३ बी. आधी आकडे देतो, मग मी रचलेलं वर्णन. इथे पट्टीचे लोक आहेत, धुलाई करा.

त्याचा तारा आपल्यापासून सुमारे ६४.५ प्रकाशवर्षांवर, जंबुक तारकासमूहात. सूर्याहून थोडा लहान, नारिंगी. ग्रह सापडला २००५ साली. वस्तुमान गुरूच्या साधारण १.१३ पट, त्रिज्याही तेवढ्याच पट. म्हणजे आपला गुरूच, जरा अंगाने भरलेला. पण गुरूला सूर्याभोवती एक फेरी मारायला बारा वर्षं लागतात आणि हा पठ्ठ्या दोन दिवस सव्वापाच तासांत वर्ष संपवतो! कारण ताऱ्यापासून अंतर जेमतेम ४६ लाख किमी. आपला होरपळलेला बुधसुद्धा सूर्यापासून ५ कोटी ८० लाख किमीवर आहे.

इतक्या जवळ असल्यामुळे, चंद्राचं जसं एकच तोंड आपल्याकडे असतं तसं याचं एकच तोंड कायम ताऱ्याकडे. २००७ साली स्पिट्झर दुर्बिणीने याच्या तापमानाचा नकाशा केला. सूर्यमालेबाहेरच्या ग्रहाचा असा नकाशा पहिल्यांदाच झाला. दिवसाच्या बाजूला सुमारे ९३० अंश सेल्सिअस, रात्रीच्या बाजूला ६५०. २०१३ मध्ये हबल अवकाश दुर्बिणीने रंग मोजला, तो निघाला गडद निळा. वारा ताशी ८,७०० किमी. हवेत सिलिकेटचे कण, म्हणजे काचेचाच माल. नासाने हॅलोविनसाठी या ग्रहाचं भयपटासारखं पोस्टरसुद्धा काढलं होतं.

आता माझं वर्णन:

*"माझा फुगा ढगांतून खाली उतरला तेव्हा संध्याकाळ होत आली होती. निळ्या क्षितिजावर नारिंगी सूर्य टेकला. माझी लांबच लांब सावली खालच्या ढगांवर थरथरत होती. एवढ्यात पश्चिमेकडून वारा सुटला. काचेच्या सुऱ्या आडव्या सूं सूं करत आल्या, फुग्याचं कापड टराटरा फाटलं. ध्वनीच्या सातपट वेगाने मी अंधारात फेकला गेलो. खाली जमीन नव्हती. काळ्याकुट्ट रात्रीत फक्त काचांचा खणखणाट."*

---

मिरची | शनिवार, रात्री १०:३१

आमच्या सोसायटीत टँकर दिवसाआड येतोय आणि तुम्ही ६४ प्रकाशवर्षांवरचा पाऊस मोजताय. चालू द्या.

---

गणिती_किडा | शनिवार, रात्री ११:०२

वर्णन झकास, पण पहिल्याच वाक्यात विकेट. ग्रहाचं एकच तोंड ताऱ्याकडे म्हटल्यावर संध्याकाळ "होत" कशी येईल? जिथे दुपार आहे तिथे जन्मभर दुपार, जिथे रात्र आहे तिथे जन्मभर रात्र. सूर्य क्षितिजावर टेकणारच नाही. तुम्हीच वर लिहिलंय आणि खाली विसरलात.

---

चांदणवेडा | शनिवार, रात्री ११:०९

अरे देवा. दंडवत. सूर्यास्त तर माझा सगळ्यात आवडता भाग होता.

---

ब्लास्टिंगवाला | रविवार, सकाळी ७:४०

मी चाकणला फॅब्रिकेशनमध्ये आहे, खगोलशास्त्रातलं काही कळत नाही. पण काचेच्या सुऱ्या पटल्या नाहीत. आम्ही शॉट ब्लास्टिंग करतो. सात किलो प्रेशरने नोझलमधून बारीक ग्रिट मारली की गंजका पत्रा दोन मिनिटांत पांढरा पडतो. एक दाणा हातावर ठेवला तर कळतही नाही, पण त्याच दाण्यांनी नोझलचं भोक खाऊन खाऊन मोठं होतं आणि महिन्या-दोन महिन्यांत नोझल बदलावी लागते. वाऱ्यात मुळात मोठे तुकडे तयारच कशाला होतील? कण बारीक असतील तर कापड फाटणार नाही, झिजेल. आवाजही खणखण नाही, "शूऽऽ" असा एकसारखा येईल.

दुसरं, रात्र काळीकुट्ट नसणार. आमच्याकडे भट्टीत ९३० ला जॉब चांगला नारिंगी-लाल दिसतो. ६५० ला काळपट लाल, शेडमधले दिवे घालवले तरच दिसतो, पण दिसतो. तुमच्या ग्रहाची रात्र ६५० ची आहे.

---

रसायनी | रविवार, सकाळी ९:१५

ब्लास्टिंगवाले, तुमचा अंदाज बरोबर आहे. २००८ मध्येच हबलच्या निरीक्षणांवरून अंदाज होता की तिथलं धुकं अतिशय बारीक कणांचं आहे, मॅग्नेशियम सिलिकेटसारख्या पदार्थाचं. २०२४ मध्ये जेम्स वेब दुर्बिणीने घेतलेल्या वर्णपटात (प्रकाश रंगारंगांत फोडून केलेली नोंद) चक्क क्वार्ट्झची खूण सापडली. म्हणजे सिलिकॉन डायऑक्साइड, आपली वाळू. पण कण वाळूएवढे नाहीत, रांगोळीच्या पुडीपेक्षाही कितीतरी बारीक. "काचेचा पाऊस" हा शब्द कानाला गोड, प्रत्यक्षात ते काचेचं धुकं आहे.

आणि तुमच्या वर्णनात वास राहिला! २०२४ मध्येच जेम्स वेबला तिथे हायड्रोजन सल्फाइड सापडला. ज्यांनी अकरावी-बारावीला सॉल्ट अनॅलिसिस केलंय त्यांना सांगायला नको. लॅबच्या कोपऱ्यात हा वायू तयार करणारं किपचं उपकरण, दुसऱ्या ग्रुपच्या टेस्टसाठी रांग, आणि घरी गेल्यावर आई दारातच विचारायची, "कुठे लोळून आलीस?" सडक्या अंड्याचा तोच वास.

---

चांदणवेडा | रविवार, सकाळी ९:५०

वास नक्की घालतो. पण मग निळा रंग कशामुळे? समुद्र तर नाही.

---

रसायनी | रविवार, सकाळी १०:२०

त्या धुक्यामुळेच. बारीक कण निळा प्रकाश जास्त विखुरतात. शिवाय तिथल्या वाफेत सोडियम आहे, तो पिवळ्याच्या आसपासचा प्रकाश खाऊन टाकतो. परत येतो तो निळा.

---

कोकणी_भुताटकी | रविवार, सकाळी ११:३३

एक बाळबोध शंका. एवढ्या लांबच्या ग्रहाचा रंग दिसला कसा? फोटो आहे का? आणि हे नाव काय, रेशनकार्डाचा नंबर?

---

गच्चीवरून | रविवार, दुपारी १२:४५

फोटो नाही. नेटवर जी निळी चित्रं फिरतात ती सगळी चित्रकारांनी काढलेली. रंग मोजला तो असा: अंगणवाडीत रडकं पोर काट्यावर उभं राहत नाही, तेव्हा ताई काय करतात? आईला पोरासकट उभं करतात, मग एकटीला. वजाबाकी केली की पोराचं वजन. इथेही तसंच. ग्रह ताऱ्याच्या बाजूला असतो तेव्हा दोघांचा मिळून प्रकाश येतो. ग्रह ताऱ्याच्या मागे गेला की फक्त ताऱ्याचा. हबलने ही वजाबाकी वेगवेगळ्या रंगांत करून पाहिली. निळ्यात प्रकाश किंचित घटला, हिरव्यात घट जाणवण्याइतकी नव्हती. म्हणजे ग्रह निळा परतवतो, हिरवा नाही.

नावाचं म्हणाल तर एचडी म्हणजे हेन्री ड्रेपर या अमेरिकी खगोल-अभ्यासकांच्या नावाची ताऱ्यांची यादी. हार्वर्डच्या वेधशाळेत ॲनी जंप कॅनन या बाईंनी लाखो ताऱ्यांचे वर्णपट डोळ्यांनी पाहून प्रतवारी केली, त्या कामातून ती आली. हा त्यातला १,८९,७३३ क्रमांकाचा तारा. ग्रहाला 'बी' कारण 'ए' म्हणजे तारा स्वतः. सगळ्यांच्याच नशिबी नंबर नसतो. २०१९ मध्ये प्रत्येक देशाला एकेक जोडी नाव ठेवायला दिली होती. भारताच्या वाट्याला एचडी ८६०८१ आला. त्या ताऱ्याचं नाव आता 'बिभा', भौतिकशास्त्रज्ञ बिभा चौधरी यांच्यावरून, आणि ग्रहाचं 'सांतमस'.

---

कोकणी_भुताटकी | रविवार, दुपारी १:०२

आई-पोराचं वजन! आता जन्मात विसरणार नाही. 🙏

---

परदेशी_पाखरू | रविवार, दुपारी ४:१०

मी दक्षिण फ्रान्समध्ये राहते. हा ग्रह ओत-प्रोव्हान्स वेधशाळेतून सापडला, आमच्यापासून दीड-दोन तासांवर. टेकडीवर ओकची झुडपं, लव्हेंडरची शेतं आणि मध्येच पांढरे घुमट. तिथल्या १.९३ मीटरच्या दुर्बिणीवरूनच मिशेल मेयर आणि दिदिए केलोज यांनी १९९५ मध्ये ५१ पेगासी बी (सूर्यासारख्या ताऱ्याभोवती सापडलेला पहिला ग्रह) शोधला आणि २०१९ चं नोबेल मिळवलं. दहा वर्षांनी त्याच दुर्बिणीवरच्या त्याच वर्णपटमापकाने हा तारा हलताना पकडला. ग्रह ओढतो म्हणून तारा सेकंदाला २०५ मीटर वेगाने पुढे-मागे डुलतो, म्हणजे ताशी ७४० किमीच्या आसपास, विमानापेक्षा थोडा कमी! आणि ग्रह त्याच्यासमोरून जातानाही दिसला.

---

गणिती_किडा | रविवार, रात्री ९:२०

चांदणवेडा, काल तुमचा सूर्यास्त मारला, त्याची बोच लागली होती. आज लोकलमध्ये हिशेब केला. सूर्यास्त परत देतो.

ग्रह ताऱ्याच्या मानाने वळत नसला तरी वारा वाहतोय की! विषुववृत्तावर तो पूर्वेकडे वाहतो. फुगा त्या वाऱ्यात सोडला तर ग्रहाभोवती फिरेल. ग्रहाची त्रिज्या सुमारे ८०,८०० किमी, म्हणजे परीघ ५ लाख किमीच्या थोडा वर. ताशी ८,७०० ने भागा. साधारण ५८ तास. म्हणजे ५८ तासांत फुगेवाल्याला एक पहाट, एक दुपार, एक संध्याकाळ, एक रात्र. अडीच दिवसांचा "दिवस", आणि वर्ष ५३ तासांचं. दिवस वर्षापेक्षा मोठा.

आता गंमत बघा. तिथून तारा केवढा दिसेल? ताऱ्याची त्रिज्या ५ लाख ४३ हजार किमी धरली आणि अंतर ४६.५ लाख, तर रुंदी साडेतेरा अंशांच्या जवळ. आपला सूर्य अर्धा अंश. हात लांब करून मूठ धरा, ती दहा अंशांची. हा सूर्य मुठीमागे लपत नाही! फुगा तासाला सहा अंशांच्या थोडा वर सरकतो. म्हणजे खालची कड क्षितिजाला लागल्यापासून वरची कड बुडेपर्यंत दोन तास दहा मिनिटं.

आणि सूर्य तुमच्या पाठीमागे, पश्चिमेला बुडेल. तुम्ही त्याच्यापासून पळताय.

---

चांदणवेडा | रविवार, रात्री ९:२६

दोन तासांचा सूर्यास्त!! साष्टांग दंडवत. भाचीला आत्ताच सांगितलं. ती म्हणाली, मग डबा न्यायला लागेल.

---

निवृत्त_मास्तर | रविवार, रात्री १०:०५

गणिती किड्यांच्या हिशेबातून आणखी एक निघतं, ते तुमच्या कुणाच्या ध्यानात आलेलं दिसत नाही. फुगा वाऱ्याबरोबर चालला असेल तर फुगेवाल्याला वारा लागणारच नाही. नदीत सोडलेल्या पानाला पाण्याचा वेग कळत नाही, पुलाच्या खांबाला कळतो. ब्लास्टिंगवाल्यांचा पत्रा जागेवर घट्ट बसवलेला असतो म्हणून झिजतो. तिथे घट्ट बसायला जमीनच नाही. काचेचं धुकं तुमच्या शेजारून तुमच्याच वेगाने चाललंय. मधूनमधून हेलकावे बसतील, पोटात गोळा येईल, पण आडवा पाऊस वगैरे काही नाही. एरवी शांत.

"ध्वनीच्या सातपट" हेही सांभाळून. ते आपल्या हवेतल्या ध्वनीच्या मानाने. तापलेल्या हायड्रोजनमध्ये ध्वनीच सेकंदाला २.४ किमीच्या आसपास धावतो, आणि वाराही जवळपास तेवढाच.

---

ब्लास्टिंगवाला | रविवार, रात्री १०:३०

मास्तर, पटलं. बाहेरून बघणाऱ्याला ताशी ८,७००, आतल्याला काहीच नाही.

---

खट्याळ_खारूताई | सोमवार, सकाळी ८:५५

फुगा फुगा करताय, पण तो तरंगणार कशावर? तिथली हवा म्हणजेच हायड्रोजन. जत्रेतला हेलियमचा फुगा तिथे दगडासारखा खाली जाईल. (हलके घ्या.)

---

गणिती_किडा | सोमवार, सकाळी ९:४०

हलके घेणार नाही, चांगली शंका आहे. हवा शुद्ध हायड्रोजन नाही. गुरूसारखं मिश्रण धरलं तर त्यात हेलियमही आहे, म्हणून ती शुद्ध हायड्रोजनपेक्षा थोडी जड. फुग्यात शुद्ध हायड्रोजन भरला तर तरंगेल, पण रडतखडत. आपल्या वातावरणाइतका दाब आणि ९३० अंश धरले तर एक घनमीटर फुगा फक्त तीन ग्रॅम उचलतो. पृथ्वीवर हाच फुगा किलोभर उचलतो. शंभर किलोचा माणूस-सामान न्यायचं तर फुगा चाळीस मीटर व्यासाचा हवा, आणि त्यात कापडाचं वजन धरलेलंच नाही. त्यावर गुरुत्व आपल्या २.२ पट. साठ किलोच्या माणसाला आपण एकशेतीस किलोचे झालो असं वाटेल.

---

मिरची | सोमवार, सकाळी १०:१२

चाळीस मीटर म्हणजे आमच्या बिल्डिंगपेक्षा उंच. टँकरवाला सांगत होता... जाऊ दे. पुढे काय झालं?

---

गच्चीवरून | सोमवार, रात्री ११:५०

ज्यांना खरंच बघायचाय त्यांच्यासाठी. पाऊस सरला की ऑक्टोबरच्या संध्याकाळी डोक्यावर पाहा. अभिजित, श्रवण आणि हंसाच्या शेपटीचा तारा यांचा मोठा त्रिकोण दिसेल. त्या त्रिकोणाच्या आत, शर या बाणासारख्या छोट्या समूहाच्या वर, डंबेल तेजोमेघ आहे. हा तारा त्या तेजोमेघाला अगदी खेटून, चंद्रबिंबाहून कमी अंतरावर. तेजाची प्रत ७.७ च्या आसपास (आकडा मोठा तितका तारा मंद), त्यामुळे नुसत्या डोळ्यांना नाही, पण अंधाऱ्या जागेवरून साध्या द्विनेत्रीत सापडतो. महाराष्ट्रातून तो जवळजवळ बरोबर डोक्यावरून जातो. मान दुखते, सतरंजी टाका.

मी गेल्या वर्षी सटाण्याजवळच्या मळ्यातून कॅमेरा लावून ग्रहाचं अधिक्रमण पकडायचा प्रयत्न केला. ग्रह समोरून जातो तेव्हा ताऱ्याचा प्रकाश सुमारे २.४ टक्के घटतो. ऐकायला कमी, पण या धंद्यात ही घसघशीत घट. पावणेदोन-दोन तासांचा कार्यक्रम. तासभर बरं चाललं होतं, मग शेजारच्या मळ्यात मोटर चालू करायला एक जण बॅटरी घेऊन आला आणि थेट कॅमेऱ्यावर झोत टाकून विचारलं, "काय हो, बिबट्या आला का?" त्यानंतर ढग. आलेखात उतरण सापडली, चढण नाही. अर्धा ग्रह पाहिला म्हणा.

---

कोकणी_भुताटकी | मंगळवार, सकाळी ७:२०

बिबट्या 😂😂

पण एक वाचलं की तो ग्रह वाफ होऊन उडून चाललाय? घाई करायला हवी का?

---

गणिती_किडा | मंगळवार, सकाळी ७:५८

२०११ मध्ये ताऱ्यावर भडका उडाल्यावर हबलला दिसलं होतं की सेकंदाला किमान हजार टन वायू निसटतोय. मोठं वाटतं. पण ग्रहाच्या वस्तुमानाला भागा: याच वेगाने संपायला ६८ लाख कोटी वर्षं. विश्वाचं वय १,३८० कोटी. सावकाश जा.

---

निवृत्त_मास्तर | मंगळवार, सकाळी ८:४५

६४.५ प्रकाशवर्षं म्हणजे आज रात्री गच्चीवरून जो उजेड दिसेल तो मी तान्हा असताना तिथून निघाला. येत्या मार्गशीर्षात मला ६५ पूर्ण होतात. सतरंजी आहे, द्विनेत्री कुणी देईल का? पुण्यात आहे.

---

गच्चीवरून | मंगळवार, सकाळी ९:०१

मास्तर, व्यक्तिगत निरोप पाहा.

---

चांदणवेडा | मंगळवार, रात्री १०:३०

सगळ्यांच्या दुरुस्त्या घालून पुन्हा लिहिलं. लाल रात्र ब्लास्टिंगवाल्यांची, शांतता मास्तरांची, वास रसायनीताईंचा. सोबतीला एक लाल ठिपका मी टाकलाय, तो खरा आहे. या ताऱ्याला एक लाल बटू (लहान, मंद तारा) जोडीदार आहे, पृथ्वी-सूर्य अंतराच्या दोनशेपट लांब, आणि तिथून तो आपल्या शुक्रापेक्षा ठळक दिसेल.

*"दुपार टळून तीन-चार तास झाले तरी उकाडा वाढतच होता. सगळ्यात जास्त तापतं ते माथ्यावरच्या सूर्याखाली नाही, वारा तिथली धग पुढे ढकलतो. अंग स्वतःचं नसल्यासारखं जड. मुखवट्याची फट जरा सैल झाली आणि अकरावीची लॅब आठवली.*

*सूर्य मागे राहू लागला तसा मी त्याच्याकडे तोंड करून बसलो. त्याची खालची कड धुक्याला लागली तेव्हा डबा उघडला. धुक्यातून येताना उजेडातला निळा वाटेतच सांडत होता, उरला तो तांबूस. पोळी-भाजी संपली, सूर्य तेवढाच. ताक प्यालो. बिंब अर्धं झालं. माझ्या फुग्याची सावली खालच्या ढगांवर लांब पसरली होती. वारा नव्हताच. काचेची पूड फुग्याच्या शेजारी तरंगत होती, जशी बंद खोलीत उन्हाच्या कवडशात धूळ तरंगते.*

*शेवटची कड बुडायला दोन तास लागले. मग अंधार पडेल असं वाटलं होतं, पण पडला नाही. खालचे ढग विझत आलेल्या चुलीसारखे आतून लाल होते. वर एकटा लाल ठिपका. पुढची पहाट सत्तावीस तासांनी."*

---

रसायनी | मंगळवार, रात्री १०:४८

ताक प्यालो! 👌 ९३० अंशांत ताकाचं काय झालं ते विचारत नाही.

---

ब्लास्टिंगवाला | मंगळवार, रात्री ११:०५

विझत आलेली चूल बरोब्बर. +१

---

गणिती_किडा | मंगळवार, रात्री ११:३६

सुंदर. फक्त एक. सावली.

साडेतेरा अंशांचा सूर्य म्हणजे सगळीकडून उजेड. वस्तूची गडद सावली तिच्या रुंदीच्या सव्वाचार पट अंतरावर संपून जाते. चाळीस मीटरचा फुगा, म्हणजे पावणेदोनशे मीटरवर सावली खलास. खालचे ढग त्याहून जवळ असतील तर गोष्ट वेगळी, पण मग तुम्ही ढगांतच आहात.

---

चांदणवेडा | मंगळवार, रात्री ११:४१

सावली काढली. भाचीने निबंध सकाळीच देऊन टाकला होता, तिच्या निबंधात सावली राहिली आहे.